खात्रीचा दुसरा माणूस

"बाळ आज घरी जाणार. आत्ता," असं म्हणून केंड्राने बाळाला टोपी घातलीसुद्धा.

"जाणारच गं," इस्पितळातल्या समाजसेविका प्रुइटबाई म्हणाल्या. "फक्त योजनेचा फॉर्म तेवढा भरू. ही काही शिक्षा नाही हं."

"मग चेहरा शिक्षेसारखा का केलाय?"

कायदाच तसा होता. पोटात असताना बाळापर्यंत अंमली औषध पोचलं असेल, मग ते आईला डॉक्टरनेच का दिलेलं असेना, तर बाळाच्या आणि घरच्यांच्या काळजीची लेखी योजना करायची. वेदनाशामक गोळ्यांच्या नादातून सुटून केंड्राला चार वर्षं झाली होती. ती सुटली डॉक्टरच्या रोजच्या औषधावर, आणि गरोदरपणात ते थांबवू नकोस असं डॉक्टरनेच बजावलं होतं.

गाडी सातव्या प्रश्नावर अडली. घरात आईखेरीज एक मोठा, नशापाण्यापासून लांब असलेला, खात्रीचा माणूस हवा. नवरा डस्टी महिनाभर टेक्सासात गॅसच्या पाइपलाइनवर. तेव्हा केंड्राची सासू व्हर्डी पर्स सावरून पुढे झाली. या प्रश्नाची ती चार वर्षं वाट पाहत असावी.

"मला लिहा. जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढले नाही. चर्चमध्ये कोणालाही विचारा."

"उत्तम," बाई लिहू लागल्या. "दात येताना बाळ रडलं, तर काय कराल?"

"बोट व्हिस्कीत बुडवायचं आणि हिरड्यांवरून फिरवायचं. चार पोरं वाढवली मी अशी. डस्टी तर बोट सोडायचाच नाही."

पेन थांबलं.

"घरात व्हिस्की असते?"

"छे! माझा नवरा ओडेल घरी काढतो ती. मध आणि पेपरमिंटची गोळी घातली की ती दारू राहते का? खोकल्याचं औषध होतं."

"खोकला वरचेवर होतो तुम्हाला?"

"होऊच देत नाही. रोज घेते."

कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्याला, म्हणजे ओडेलला, हे बघवेना. खाणीत तीस वर्षं राबून पाठ मोडलेला माणूस. तो म्हणाला, "तिचं खोडा, माझं लिहा. मी फक्त काढतो. पीत नाही. पाठीच्या गोळ्यांवर चालत नाही म्हणे."

"गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात?"

"दिल्यात की. शेजारच्या क्लेटसला. त्याचा गुडघा बरा झाला, उरलेल्या मी घेतो. आमच्या खोऱ्यात माणुसकी आहे, बाई."

"माझ्या झोपेच्या गोळ्या त्याची बायको नेते," व्हर्डीने भर घातली.

"हे सगळं मला लिहावं लागेल," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"लिहा की! लपवायला आम्ही काय केंड्रा आहोत?"

केंड्राने बाळ खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हाताने पिशवीतून जाडजूड फाइल काढून पलंगावर टाकली.

"चार वर्षांच्या चाचण्या. दर मंगळवारी कपात लघवी, आणि एकदाही नापास नाही. या खोलीत अजून कोणाला कप भरून दाखवायचाय?"

ओडेल छताकडे बघू लागला.

"आणि बाई, कायदा मी वाचलाय. आठवा महिना झोपूनच काढला ना. देखभाल करणाऱ्यांच्या उपचारांचीही योजना करा, असं त्यात आहे. मग माझ्या एकटीचीच का? यांचीही करा!"

प्रुइटबाईंनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला. केंड्राचं बरोबर होतं. त्यांनी योजनेत ओडेलची भट्टी बंद केली, क्लेटसच्या गोळ्या औषधाच्या दुकानातल्या उरलेल्या गोळ्या टाकायच्या पेटीत रवाना केल्या आणि सातव्या प्रश्नापुढे लिहिलं: 'आजी. दर आठवड्याच्या चाचणीच्या अटीवर.'

"मी कप भरू? मी?" व्हर्डीचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "सही करणार नाही!"

"मग बाळ इथेच राहील आज," बाई म्हणाल्या.

व्हर्डीने बाळाकडे पाहिलं. टोपीखालून डस्टीचंच नाक बाहेर आलं होतं. तिने पेन हिसकावलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली.

"आता, या आजींवर देखरेख कोणाची?" बाईंनी शेवटची रिकामी ओळ दाखवली.

"माझी," केंड्रा म्हणाली. सही करून तिने बाळ सासूच्या हातात दिलं. "मंगळवारी सकाळी भरपूर पाणी पिऊन या, सासूबाई. पहिल्या दिवशी कोणालाच होत नाही."