आक्का घरात न्हाय

आमच्या आक्काच्या दारात कुणी हाक मारली, तर ती लगेच दार उघडत नाही. आतून विचारते, "कोण पायजे?" माणूस म्हणतो, तुम्हीच की. मग ती विचारते, "आमच्यातली कुठली?"

घरात ती एकटीच असते.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय पंचाहत्तर. घर आमच्या समोरच, मधे आठ पावलांची गल्ली. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म लेथ मशीनवर काढला, पण कान अजून शाबूत आहेत. त्यामुळं तिचं काय चाललंय ते मला कुणाला विचारावं लागत नाही. तिला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. आमचा सहा वर्षं अबोला. ते पुढं सांगतो.

हे सगळं झालं एका पिक्चरमुळं. गल्लीतल्या बायका मिळून कुठलासा घरगुती सिनेमा बघायला गेल्या. त्या नव्या थेटरात एका छताखाली चार पडदे असतात. आक्का मधेच बाथरूमला गेली आणि परत येताना शेजारच्या दारात शिरली. तिथं विज्ञानाचा पिक्चर लागलेला. एका बाईच्या डोक्यात शास्त्रज्ञांनी यंत्र बसवलेलं, आणि त्यानं तिच्या एकटीत पाच बायका राहायला आलेल्या. एक डॉक्टरीण, एक चोर, एकीनं तर खून केलेला. पोलीस आले की खुनी बाई आत पळायची आणि भलतीच गरीब बाई बाहेर यायची. इकडं बायका आक्काला शोधून दमल्या, आणि ही पाय वर घेऊन शेवटपर्यंत बसली. बाहेर येऊन म्हणाली, "त्यात भ्यायचं काय? माझ्यात बी तिघी हाईत. मशीन न बसवता."

त्या दिवसापासून तिनं स्वतःची वाटणी केली. भाजीवाल्याशी भांडते, तिचं नाव बाई. लग्नाआधीची, मुरगूडची, जिला गोडाधोडाचा सोस, ती सुशी. आणि तिसरी आक्का, गल्लीची आणि माझी.

साखर वाढली म्हणून डॉक्टर तिच्यावर चिडला, तर म्हणाली, "जिलबी सुशीनं खाल्ली. तुम्ही रक्त बाईचं काढलासा." तो बिचारा नवा डॉक्टर. मान खाली घालून गोळ्या लिहायला लागला. हिनं विचारलं, तिघींत वाटून घ्यायच्या का.

गॅसवाल्यानं मोबाईलवर आलेला नंबर मागितला, तर म्हणाली, जिनं गॅस सांगितलाय ती देवळात गेलीया, आली की देते. तो नवखा होता. सिलिंडरवर बूड टेकून पंधरा मिनिटं वाट बघत बसला.

हे ऐकून मी घरात म्हणायचो, म्हातारीला वेड लागलंय. बायको म्हणायची, वेड न्हवं, वेळ जात न्हाय तिचा.

आता अबोल्याचं. आमचे दाजी गेले तेव्हा मी आक्काला म्हटलं, एकटी राहू नको, सामान आण आणि आमच्यात राहा. ती म्हणाली, माझं घर मी सोडणार नाही. चार माणसांत मला न्हाय म्हणाली. मीही चार माणसांतच सांगितलं, मग तुझी पायरी मी परत चढणार नाही. मला वाटलं, आठ दिवसांत ती येईल. तिला वाटलं, मी जाईन. आमच्या घराण्यात मान फक्त आंघोळीला वाकते.

भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. आठ पावलांवर भाऊ बसलेला असताना आक्कानं सहा वर्षं चंद्राला ओवाळलं. मी खिडकीतनं बघायचो. ती आत गेली की मग खिडकी लावायचो.

यंदाच्या भाऊबिजेला दिवस मावळताना मी कट्ट्यावर बसलो होतो. समोरचं दार उघडलं. आक्का बाहेर आली. पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, उंदराच्या शेपटीएवढ्या, वर लाल रिबिनी. गल्लीतली पोरं हसायला लागली. तिनं बघितलंसुद्धा नाही. गल्ली ओलांडून माझ्यापुढं उभी राहिली.

"पावणं," मला म्हणाली, "बाळू हाय का घरात?"

मला बाळू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

"मी सुशी. मुरगूडची. आक्का घरात न्हाय. असती तर आली नसती, लई ताठ्याची हाय ती." रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बाळूला तेवढं लावून द्या. चंद्र दिसायच्या आत."

सगळी गल्ली बघत होती. मी मान फिरवली असती तर तिला त्या वेण्या घेऊन आठ पावलं परत जावं लागलं असतं.

मी म्हणालो, "हाय की बाळू. म्हातारा बाहेर गेलाय, तोवर येतो त्यो."

तिनं पाट आधीच मांडून ठेवला होता. ओवाळताना खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "तिघी असतो रं, पर घरात कोण बोलत न्हाय."

आता लोक मला चिडवतात, शब्द मोडलासा म्हणून. मी शब्द मोडलेला नाही. आक्काशी मी अजून बोलत नाही, आणि ती पायरीही मी चढलो नाही. बाळू चढला.