म्हातारीला गॅस

मी फक्त उशी वाळत घालायला गच्चीवर गेलो होतो. (उशी कोरडीच होती, हे बायकोने नंतर सगळ्यांना सांगितलं. तशी गरज नव्हती.)

झालं असं, की शेजारचा फिटर जिन्यात फोनवर बोलत होता. माझे कान दाराशीच असतात, त्याला मी काय करणार?

"म्हातारीने पार मान टाकलीय रे. आज कोंडतो तिला आणि सोडतो गॅस. कारखान्यातलाच, नाहीतरी हवेतच सोडून देतात. छे, बायकोला कशाला सांगू? तिचा जीव आहे म्हातारीवर!"

त्याची सासू आठ दिवसांपूर्वीच मुक्कामाला आली होती. बाई कडक, ऐकायलाही कमी येतं, पण म्हणून गॅस?

बायको म्हणाली, "अहो, मागे त्याच्या सायकलच्या पंपाला तुम्ही बाँब म्हणाला होतात." आणि कुकरकडे वळली.

मग मी उशी उचलली.

गच्चीच्या कोपऱ्यात त्याने प्लॅस्टिकची खोली उभारली होती. बाहेर सिलेंडर, त्याची नळी आत गेलेली. फुस्स आवाज चालू! आणि धुरकट प्लॅस्टिकमागे शाल पांघरलेली, मान खाली घातलेली एक आकृती. हलेना.

"मावशी! श्वास रोखून धरा!"

दाराची चेन अर्ध्यात अडकली. मी तसाच आत घुसलो, आकृतीला मिठी मारली आणि ओढली. हातात शाल आली, आणि पाच टोमॅटो.

बाहेर पडावं तर चेन हलेना. डोकं गरगरायला लागलं. संपलं सगळं! मी खाली बसलो आणि बायकोला उद्देशून शेवटचे दोन शब्द बोललो. (ते जरा लांबले.)

इतक्यात कुणीतरी तंगडी धरून मला फरफटत बाहेर काढलं. फिटरची सासू! दुसऱ्या हातात पाण्याची नळी, फुस्स करत असलेली.

"भाऊ, आमच्या टोमॅटोशी एवढं काय बोलत होतात?"

फिटर धावत आला. "काका, म्हातारी म्हणजे ते झाड! सगळ्यात जुनं. ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनी शाल घातली. आणि गॅस कसला, आपण श्वासावाटे सोडतो तोच. तो खाऊन झाडं जोमात वाढतात."

"मग मला भोवळ कशी आली?"

"ते तुम्हालाच ठाऊक. सिलेंडरची चावी माझ्या खिशात आहे."

एवढं बोलून त्याने आत टांगलेल्या, हवेतला गॅस मोजणाऱ्या मीटरकडे पाहिलं आणि जवळ जाऊन पुन्हा पाहिलं.

"काका, किती वेळ बोलत होतात?"

"का रे?"

"सकाळी गॅस चारशे होता. आता हजार दाखवतोय. मला बरोबर एवढाच हवा होता."

दुसऱ्या दिवशी सिलेंडर कारखान्यात परत गेला. आता रोज सकाळी अर्धा तास मी आत बसून म्हातारीशी गप्पा मारतो. तिने मान वर काढलीय. बायको भेटेल त्याला सांगते, "कारखान्याचा राहू दे, आमच्या घरचा तरी वाया जाणारा गॅस सत्कारणी लागला."