शेवटच्या कडव्यातलं नाव

आता आपण बसून खायचं, असं शाहीर आकारामानं शिराळ्यात जाहीरच करून टाकलं. लढाई संपली त्या साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं सांगलीत आठ दिवस मुक्काम ठोकला होता आणि त्याचा शर्यतीच्या बैलाचा पोवाडा तबकडीवर उतरवून घेतला होता. गायल्याचे तीस रुपये रोख मिळाले. शिवाय गाणं ज्यानं रचलं, त्याला खपलेल्या दर तबकडीमागं एक आणा, असं कागदावर लिहिलेलं होतं.

"आमी झोपलो तरी आणा चालत येतुया," असं तो सांगे आणि लोक दुभत्या म्हशीकडं बघावं तसे त्याच्याकडं बघत.

वर्ष सरलं. तबकडी हॉटेलात वाजली, लग्नांत वाजली, पण आण्याला काही शिराळ्याची वाट सापडेना. बायको राहीबाईनं त्या पैशांतून घरावर कौलं घालायचं कधीच ठरवून टाकलं होतं. ती रोज छपराकडं बघे आणि मग नवऱ्याकडं. शेवटी शाळामास्तर विष्णुपंतांनी कंपनीला पत्र घातलं. उत्तर आलं: पैसे दर तीन महिन्यांनी नेमानं पाठवत आहोत, श्री. तात्याबा, मुक्काम म्हसवड यांना.

तात्याबा म्हणजे आकारामाचे गुरू. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कारकुनानं सांगलीत नेमकं काय विचारलं होतं, ते हळूहळू काढून घेतलं.

"गाणं कुणाचं, म्हणून इचारलं," आकाराम म्हणाला. "मी कानाला हात लावून गुरूचं नाव-गाव सांगितलं. शेवटच्या कडव्यातबी त्यांचंच नाव हाय की."

रचायचं आपण आणि शेवटी नाव घालायचं गुरूचं, ही त्यांच्या फडाची रीत. कंपनीला ती रीत ठाऊक नव्हती आणि आकारामाला कंपनी. मास्तरांनी उपाय काढला. 'हे गाणं माझं नाही, आकारामाचं आहे', एवढी ओळ लिहून दिली आणि खाली तात्याबांचा अंगठा घेऊन यायला सांगितलं. पण ऐंशी वर्षांच्या गुरूपुढं असला कागद धरायचा कसा?

म्हसवडला पोचल्यावर तो कागद फारच जड झाला. माझा चेला न चुकता गुरुदक्षिणा धाडतो, असं तात्याबा गावभर सांगत होते. त्यांनी आकारामाच्या पाठीवरून हात फिरवला. हा चेला दिसतो तरी कसा, म्हणून शेजारीपाजारी बघून गेले. कागद बंडीच्या खिशात घामानं भिजला. दोन दिवस आकाराम नुसता जेवला आणि झोपला.

तिसऱ्या दिवशी तात्याबाच म्हणाले, की ज्याचा एवढा गवगवा झालाय ते गाणं मी अजून ऐकलेलं नाही. ते हॉटेलची पायरी चढत नसत. मग रजेवर आलेल्या हवालदार लालासाहेबाचा ग्रामोफोन अंगणात आणला. घोंगडं अंथरलं. निम्मी गल्ली जमली.

तात्याबा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांची मान हलायची थांबली. तिसऱ्याला डोळे उघडले. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव ढोलकीला चुकवून, धापा टाकत आलं, तेव्हा ते ताठ उठून बसले.

"हे मी रचलंय असं लोक समजत्यात?"

"व्हय जी. कंपनीबी तसंच समजतीया," म्हणत आकारामानं भीत भीत कागद पुढं केला.

लालासाहेबानं ती ओळ मोठ्यानं वाचली. आकारामानं मान खाली घातली.

"शाई आण," तात्याबा म्हणाले. "अन् खाली आणिक एक ओळ लिव्ह. असलं लंगडं कडवं मी जन्मात बांधलं न्हाई."

हुकूम झाला म्हणून लालासाहेबानं तेही लिहिलं. अंगठा नेमका दोन्ही ओळींच्या खाली उमटला, त्यामुळं वरची ठेवून खालची फाडायची सोय उरली नाही. आले ते पैसे दक्षिणाच समज, असं सांगून तात्याबांनी चेल्याला आणखी आठ दिवस ठेवून घेतलं आणि शेवटचं कडवं रोज सकाळ-संध्याकाळ घोटून घेतलं.

पुढच्या खेपेला आकारामाच्या नावानं मनिऑर्डर आली. मागोमाग कंपनीचं पत्र आलं. ते चावडीपुढं, चार माणसांत वाचायचं, असा त्याचाच हट्ट होता. मास्तरांनी वाचलं: आपली नोंद दुरुस्त केली आहे. आपल्या गाण्याबद्दलचा आपल्या गुरूंचा अभिप्रायही दप्तरी जपून ठेवला असून त्याची नक्कल या पत्रासोबत जोडली आहे.

नक्कलही वाचा, असं चावडीपुढच्या मंडळींनी मास्तरांना सुचवलं.