गेटबाहेरचा पॅनमन

भुजंगअण्णा दुकानात आले की आधी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरतात. अंगठ्यानं कापड चोळतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "दाणा न्हाई धरला." मग सरकी, पेंड, कॅलेंडरचा कागद. एकदा शेजारच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटोही त्यांनी असाच चोळून पाहिला होता.

ही खोड कामातून आलेली. अण्णा साखर कारखान्यात तीस वर्षं पॅनमन. पॅन म्हणजे उसाचा पाक आटवायचं खोलीएवढं भांडं. त्यातला थेंब काचेवर घ्यायचा, बोटानं चोळायचा आणि साखरेचा दाणा धरला की नाही ते सांगायचं. जरा चुकलं की सगळा पॅन बिघडला.

माझं पेंडीचं दुकान दिंद्रुडला. सुरुवात सायकलवर केली, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. याच कारखान्याला मी पंधरा वर्षं साखर भरायची पोती पुरवली. एक दिवस फोन आला, "आता बाहेरची कंपनी देणार." तोही शिपायाकडून करवला. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून कारखान्यानं साखर शिजवायचं खातंच कंत्राटदाराला दिलं, तेव्हा मीही भांडणात उतरलो. एकोणीस कायम कामगारांपुढे छापील राजीनामे ठेवले होते. सही करा आणि उद्यापासून त्याच जागी कंत्राटदाराचे म्हणून राबा.

अण्णा तो कागद चोळत दुकानात आले. "शेठ, कच्चा हाय ना ह्यो?"

"अण्णा, तुमाला काढायचं तर नोटीस द्यावी लागती. जितकी वर्षं काम केलं तितकी भरपाई द्यावी लागती. तुमीच राजीनामा लिवून दिल्यावर काय मागताल, घंटा?"

"मग न्हाई करत सही."

अठरा जणांनी केली. अण्णांना गेटवर अडवलं. मी गाठून दिलेला वकील म्हणाला, रोज पाळीच्या वेळेला जाऊन 'कामावर हजर आहे' असा अर्ज द्या, नाहीतर ते म्हणतील आपणहून सोडून गेला. तेव्हापासून अण्णा रोज खाकी कपडे घालून, डबा घेऊन गेटवर. पाळी सुटेपर्यंत बाहेरच उभे.

मी मात्र निवांत होतो. सौद्यात समोरच्याची अडचण ओळखावी लागते. अण्णांवाचून साखर बिघडणार आणि कारखान्याचे साहेब हात जोडत येणार, हे मी धरून चाललो होतो. महिना गेला तरी कुणी येईना, तेव्हा मीच साहेबांकडे गेलो.

साहेबांनी मूठभर साखर टेबलावर ओतली. एकसारखा, चकचकीत दाणा. "बघा. तुमच्या अण्णांवाचून काही अडलेलं नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागापेक्षा कोडंच मोठं होतं. शिजवतंय कोण? अण्णांच्या जागी ज्ञानोबा होता, त्यांचा जुना मदतनीस. त्याला चहात साखर कमी पडलेली कळत नाही.

बाहेर आलो तर कुंपणाच्या तारेपाशी अण्णा उभे. आतून ज्ञानोबा धावत आला आणि तारेतून काच बाहेर सरकवली. अण्णांनी थेंब चोळला. "अजून आटव. दोन मिनिटं. पळ!"

ज्ञानोबा पळाला. मी अण्णांवर तुटून पडलो. "अण्णा, याड लागलं का तुमाला? ज्यांनी हाकललं त्यांची साखर फुकट शिजवताव? तिकडं साहेब माझ्या तोंडावर हासतोय!"

"हासू द्या."

"आन् ह्यो ज्ञानोबा! सही करून मोकळा झाला, त्याचं काय म्हून करताव?"

"सही म्याच करायला लावली त्याला." अण्णा बोटं खाकी सदऱ्याला पुसत म्हणाले. "समद्यास्नी. रात्री निजंनात बिचारे. त्यांच्या मागं लेकरं हायती शेठ. पॅन बिघडला तर कंत्राटदार ह्याला उद्याच घालवल. सही केलेल्याला कोण इचारतंय?"

"आन् तुमी?"

"एकानं तरी सही न करता ऱ्हायला पायजे ना, कोर्टात हुबं राहायला? माझ्या घरी वाट बघणारं कोन हाय? मला परवडतंय."

त्यांच्या खिशातून आजचा अर्ज डोकावत होता. काढून पाहिला तर त्यावर पोच नव्हती. वॉचमननं शिक्का मारायला नकार दिला होता म्हणे, आणि अण्णा तसेच परत फिरले होते.

मी तो कागद घेतला आणि ओरडतच गेटकडे निघालो.