डोळे मिटून दिलेला होकार

दुपारच्या जेवणानंतर मसुदा वाचायचा, हा सरकारच्या विधी खात्यातला जुना नेम. एकाने स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचे. डोळे उघडे ठेवले की लक्ष भलतीकडे जाते, असे कुणीतरी कधीकाळी ठरवून ठेवले होते. डोळे मिटण्यात कलमरावांचा हात धरणारे खात्यात कुणी नव्हते.

कलमराव हे टोपणनाव इतके मुरले होते, की खरे नाव त्यांना सही करतानाच आठवे. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे गाव मिळून एकच नगरपालिका करण्याचा कायदा केव्हाच झाला होता. आता किरकोळ तांत्रिक दुरुस्त्या तेवढ्या उरल्या होत्या. पलीकडच्या बंद झालेल्या कचेरीचा उल्लेख जिथे राहून गेला असेल, तिथून तो काढायचा, एवढेच काम.

सहायक बाई वाचू लागल्या. त्यांचा आवाज मऊ, पंख्याची घरघर एकसुरी आणि टेबलावर उबदारसे ऊन. चौथ्या कलमापाशी कलमराव अलगद नदी ओलांडून गेले. पलीकडच्या कचेरीचा तो लाकडी जिना, वरची ती अरुंद खोली, आणि शेजारी रुमाल पिळत उभी असलेली ती. निबंधकाने चष्म्यावरून विचारले, "हे लग्न तुम्हाला मान्य आहे?"

"हो!" कलमराव खणखणीत आवाजात म्हणाले.

नेमके तेव्हाच बाईंनी विचारले होते, "साहेब, हे शेवटचं कलमही पलीकडच्या कचेरीबद्दलच आहे. काढू ना?" एवढा ठाम होकार मिळाल्यावर बाईंनी रेघ मारली.

त्या कलमाला खात्यात राखणदार म्हणत. पलीकडच्या कचेरीने आजवर जे जे केले ते ग्राह्य राहील, एवढेच ते सांगायचे. शुक्रवारी दुरुस्ती राजपत्रात आली आणि पलीकडचे गाव अधांतरी तरंगू लागले. बागेला परवानगी नाही, दवाखान्याला नाही, नळांना तर नाहीच. नाक्यावरचा न्हावी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला. म्हणे, मी आता कुणाचाच न्हावी नाही. कलमरावांचे धाबे दणाणले. आणि तिथे नोंदलेली लग्ने? स्वतःच्या लग्नाचा तो प्रश्न घेऊनच ते जिना चढून घरी पोचले.

बायको खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. बातमी शेजारच्या वहिनींकडून केव्हाच आली होती.

"या, बसा," ती म्हणाली. "पाणी देऊ का, कलमराव?"

एरवी ती त्यांना 'अहो' म्हणे.

"अगं, सोमवारी चूक दुरुस्त करतोय. मागच्या तारखेपासून लागू करता येईल."

"आणि सोमवारपासून लागू केली तर?"

"तर लग्नापासूनची सगळी वर्षं... कायद्याने नसल्यासारखी."

"अस्सं! म्हणजे मला निवड आहे तर." तिने दोरा दाताने तोडला. "कशी झाली हो चूक?"

त्यांनी सगळे सांगितले, स्वप्नासकट. स्वप्नातल्या जिन्यापाशी गोष्ट आली तेव्हा ती किंचित हसली, पण लगेच म्हणाली, "घरी तरी वेगळं काय करता? पडदे बदलू? हो. चार दिवस आईकडे जाऊ? हो. परवा विचारलं, घर विकून टाकू का? तरी हो! डोळे मिटलेलेच. मला विचार करू दे."

शनिवारी कलमरावांनी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे अंग चोरून दिवस काढला. यंत्राची टकटक थांबली की त्यांना चुकल्यासारखे होई. आपल्या या संसाराला राखणदार कलम होते, ते हीच होती, आणि आपण तिच्यावरही डोळे मिटूनच रेघ मारत आलो, हे त्यांना कळले आणि फार वाईट वाटले.

रविवारी दुपारी ती खुर्चीत मागे टेकली होती, मांडीवर अर्धा शिवलेला पडदा. ऊन तिच्या पायांपर्यंत आले होते. कलमराव समोर स्टुलावर बसले आणि डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाले, "ऐक ना. हे लग्न तुला मान्य आहे?"

"हो," ती म्हणाली. खणखणीत.

कलमरावांना आभाळ ठेंगणे झाले. मग त्यांनी नीट पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालला होता आणि सुई बोटांतून निसटली होती. झोपेतल्या होकारावर कायदा केला की काय होते, हे त्यांच्याइतके त्या घडीला कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी सुई उचलून पडद्याला टोचली आणि पाय न वाजवता ते उठले.

दारापाशी पोचतात तोच मागून आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"अहो, मागच्या तारखेपासून हं."