म्हातारीच्या रिंगा

त्या सकाळी तंद्रीनाथांनी एवढंच ठरवलं, की धुराचा रंग आपण स्वतः बघायचा. यापलीकडे त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे आम्ही शपथेवर सांगायला तयार आहोत.

तंद्रीनाथ हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत समोर माणूस ताटकळत असताना ते शिक्का हवेत धरून खिडकीबाहेरच्या ढगाकडे बघत राहायचे, म्हणून कचेरीने ते बहाल केलं आणि बायकोने घरी रुजू करून घेतलं. त्यांच्या जुन्या डिझेल गाडीला त्यांनीही लाडाने एक नाव दिलं होतं : म्हातारी. तिच्यात बसलं, की आपण कुठेतरी निघालो आहोत आणि कुठे ते ठरवायची काही घाई नाही, असं त्यांना वाटे. आता नेमकी याच सुखावर गदा आली होती. म्हातारी इतका धूर सोडू लागली, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपले वाळत घातलेले कपडे दारात आणून दाखवले, आणि बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "या आठवड्यात धूर बंद, नाहीतर गाडी भंगारात."

 तंद्रीनाथांनी तडक गॅरेजवाल्या मिस्त्रींना फोन लावला.

"साहेब, रंग कुठला?"

"गाडीचा?"

"धुराचा हो! काळा असला तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा असला तर आत पाणी शिरतंय. निळा असला तर ऑइल जळतंय, म्हणजे काम मोठं. मागे पांढरं कापड धरा आणि नीट बघून सांगा."

घरातलं सगळ्यात मोठं पांढरं कापड म्हणजे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली कोरी चादर. (सासूबाई आदल्या दिवशीच राहायला आल्या होत्या, तरीही ती कपाटाबाहेर आली नव्हती. यावरून चादरीची योग्यता कळावी.) तंद्रीनाथांनी ती गाडीमागे दोरीवर ताणली, इंजिन चालू केलं आणि धावत मागे येऊन उभे राहिले.

पहिला लोट बाहेर आला आणि तंद्रीनाथ हरवले. लोटाची मान लांब झाली, मग त्याची टेकडी झाली, टेकडीपलीकडे एक तळं दिसू लागलं. ऊन कोवळं होतं, आकाश निवांत होतं, आणि चादरीवर सगळं कसं निळंनिळं तरंगत होतं. लहानपणी झोपेत एक गाव दिसायचं, ते इथेच कुठेतरी असणार. आणखी थोडं थांबलं तर त्या गावातली माणसंही दिसतील, असं वाटून त्यांना भरून आलं.

"अहो! माझी चादर!"

"निळा," तंद्रीनाथ पुटपुटले.

"निळा कुठला? काळी ठिक्कर पडलीय!"

"चादर नव्हे गं, धूर. निळा आहे. अगदी निळा."

"आधी डोळे तपासून घ्या!"

पण मिस्त्रींना त्यांनी छातीठोकपणे निळाच सांगितला. मिस्त्री येऊन म्हातारीला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तंद्रीनाथ कचेरीत आणि बायको बाजारात असताना घरातला फोन खणखणला. तो सासूबाईंनी उचलला. सासूबाईंना ऐकू उत्तम येतं. ऐकलेल्याचा अर्थ लावण्याची रीत तेवढी त्यांची स्वतःची आहे.

"मिस्त्री बोलतोय. साहेबांना सांगा, म्हातारीच्या रिंगा गेल्या."

सासूबाईंचा मोकळा हात कानाकडे धावला. सोन्याची रिंग जागेवर होती. त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेऊन दुसरा कानही चाचपला.

"आहेत अजून," त्या जपून म्हणाल्या.

"असतील हो, पण आता त्यांचा काही उपयोग नाही. काढाव्याच लागतील. साहेबांचा जीव आहे म्हातारीवर, म्हणून मी एवढं तरी करतोय. बाईसाहेब तर भंगारातच द्यायला निघाल्यात."

संध्याकाळी तंद्रीनाथ घरी आले तेव्हा सासूबाई कानांवरून मफलर गच्च गुंडाळून, बॅग भरून सोफ्यावर बसल्या होत्या. बायकोला काही कळेनासं झालं होतं.

"आई, कान दुखतोय का?"

"जावईबापू, तुमचा माझ्यावर जीव आहे, हे आज परक्याच्या तोंडून कळलं. बरं वाटलं. पण रिंगा मी काढून देणार नाही."

तंद्रीनाथांनी नम्रपणे मान डोलावली. (न कळलेल्या गोष्टीला मान डोलावूनच त्यांनी नोकरी टिकवली होती.)

"आणि तू गं! सख्ख्या आईला भंगारात द्यायला निघालीस?"

"मी? काय बोलतेस तू, आई?"

"अगं, धूर सोडते ना म्हणून," तंद्रीनाथ समजूत घालायला गेले.

"मी धूर सोडते?" सासूबाई ताडकन उठल्या.

पिस्टनवरच्या कड्यांनाही मिस्त्री लोक रिंगाच म्हणतात, हे सांगता सांगता तंद्रीनाथांना घाम फुटला. सगळं ऐकून घेतल्यावरही सासूबाईंनी मफलर सोडला नाही. "उद्या मी स्वतः येते. गेलेल्या रिंगा मला डोळ्यांनी बघू देत," त्या म्हणाल्या.

गॅरेजमध्ये मिस्त्री डोकं खाजवू लागले. "उघडलंय कुठे अजून, आजी? साहेब निळा म्हणाले, आणि निळा म्हणजे रिंगा. बसा, एक चक्कर मारून बघू."

मिस्त्रींनी गाडी रस्त्यावर काढली. बायको मागच्या काचेला नाक लावून बसली होती. नळीत साठलेली काजळी आधीच चादरीवर उतरलेली. आता धुराची रेघसुद्धा दिसेना. मग तंद्रीनाथ चालवायला बसले. थोड्याच वेळात म्हातारी थरथरू लागली आणि मागचा रस्ता काळ्या ढगात गडप झाला.

"साहेब, कितव्यात आहे?"

"काय?"

"गिअर हो!"

"चौथ्यात."

"आणि एवढ्या हळू?"

"एकदा चौथा टाकला, की पुन्हा बघावं लागत नाही. निवांत बाहेर बघता येतं."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "अहो, इंजिन गुदमरतंय! डिझेल न जळता काळं होऊन बाहेर पडतंय. म्हातारी ठणठणीत आहे, साहेब. दोष तिच्यात नाही..." पुढचं बोलायला ते भिडस्त होते.

सासूबाई तशा नव्हत्या. "म्हणजे बदलायचं ते जावईबापूंना," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मफलर सोडला.

तंद्रीनाथांना फक्त एकच गोष्ट ऐकायची होती. "मग भंगारात नाही ना द्यायची?"

"नाही," बायको म्हणाली. "उतरा. चावी इकडे द्या."

मागच्या सीटवर बसल्यावर त्यांना कळलं, की आपण इतकी वर्षं उगीचच पुढे बसत होतो. इथे ना गिअर, ना ब्रेक. काचेतून झाडांचे शेंडे मागे सरकत होते, त्यांच्यावर पांढराशुभ्र आभाळाचा तुकडा होता, आणि म्हातारी एकही ठिपका न सोडता गुणगुणत चालली होती. तंद्रीनाथांचा जीव भांड्यात पडला आणि तिथेच पेंगू लागला.

वाटेत मिस्त्री गॅरेजपाशी उतरले, मग घर आलं. दारं उघडली, दारं लागली, चावी फिरली. पायरीपाशी सासूबाई थबकल्या.

"गाडीत काही राहिलं तर नाही ना गं?"

बायकोने वळून काचेतून आत बघितलं.

"कामाचं काही नाही, आई. चल."