तळ्याकडे कलणारा कॅम्पर

उत्तर मिनेसोटात गुन्हे कमी घडतात याचं श्रेय लोक तिथल्या थंडीला देतात. आर्विड टोलेफसनच्या मते हा थंडीचा फुकटचा मोठेपणा होता. गुन्हे कमी घडत होते, कारण तिथे आर्विड टोलेफसन राहत होता.

“नाक कुत्र्याचं, नजर घारीची आणि स्मरणशक्ती हत्तीची,” अशी तो स्वतःची ओळख करून द्यायचा. यावर त्याची बायको मार्लिस विणकामातून मान वर न काढता म्हणायची, “आणि अक्कल माझी. ती मी वापरायला देत नाही.”

आर्विडची उभी हयात बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे गेली होती. लोक यायचे, आपापली छत्री ओळखायचे आणि घेऊन जायचे. निवृत्त झाल्यापासून आर्विड त्या सगळ्या छत्र्यांना ‘मी छडा लावलेली प्रकरणं’ म्हणू लागला होता.

गुप्तहेर म्हटला की सहायक आलाच. आर्विडला तो लग्नातच आयता मिळाला होता: मार्लिसचा धाकटा भाऊ लोवेल. धाकटा म्हणजे तोही साठीला टेकलेला. डेअरीत यंत्रं दुरुस्त करायचा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. स्वभाव इतका गरीब, की अंगावर डास बसला तर आधी त्याचं पोट भरू द्यायचा.

दर उन्हाळ्यात लोवेलच्या ट्रकमागे मार्लिसचा जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून तिघं सरकारी उद्यानातल्या तळ्याकाठी मुक्काम ठोकायचे. कामांची वाटणी ठरलेली होती. मार्लिस रांधणार, आर्विड विचार करणार आणि उरलेलं सगळं लोवेल करणार. त्या उरलेल्यात कॅम्परच्या संडासाची टाकी उपसून, तो ऐवज चाकांच्या डब्यातून ओढत नेऊन लांबच्या खड्ड्यात ओतणंही आलं.

“दाजी, एखाद्या वर्षी तुम्ही न्या की,” लोवेलने एकदा सुचवून पाहिलं.

“अरे, गुन्हेगारी जगातली घाण सहायकाला जवळून बघायला मिळावी, म्हणून मी तुझ्यासाठी राखून ठेवतो,” आर्विड म्हणाला. विषय तिथेच संपला. टाकी तेवढी भरत राहिली.

यंदाच्या प्रकरणाला तोंड फुटलं ते अंड्यापासून. मार्लिसने सकाळी तव्यावर अंडं फोडलं आणि ते मधोमध न बसता तुरुतुरु कडेला जाऊन बसलं. दुसऱ्या सकाळी कॉफीचा मग टेबलावरून आपण होऊन चालत निघाला. त्यापुढच्या सकाळी खुद्द आर्विडच पलंगावरून घरंगळला तो खाली झोपलेल्या लोवेलच्या छातीवर.

“दाजी, उठा. श्वास घेता येत नाहीये.”

“हलू नकोस! घटनास्थळ जसंच्या तसं राहिलं पाहिजे.”

कॅम्पर कलत होता. रोज थोडा थोडा, तळ्याच्या बाजूला. आर्विडने भिंग काढलं आणि कॅम्परभोवती फेऱ्या घातल्या. कोपऱ्यांतले लोखंडी टेकू वाळूत रुतले होते. चाकांना ऊन लागून रबर तडकू नये म्हणून मार्लिसने शिवलेली कापडी झबली घातली होती. ती बाळसेदार दिसत होती.

“चाकं बघायची का एकदा?” लोवेलने विचारलं.

“चाकं मी निघताना स्वतः तपासलीत. तपासलेलं पुन्हा तपासतो तो हवालदार. मी पुढे जातो.”

लोवेल तरीही वाकलाच असता. पण नेमकी तेव्हाच मागच्या जागेवरून गळ्यात अडकवायच्या बाजाच्या पेटीवर पोल्का नाचाची धून सुरू झाली. लोवेल सरळ उभा राहिला, त्याने शर्ट खोचला आणि चाक वगैरे विसरून गेला.

मागच्या जागी बर्नाडीन कुचेरा उतरली होती. अंड्याच्या आकाराचा इवलासा कॅम्पर स्वतःच ओढत आणणारी, स्वतःच मागे घेऊन एका दमात लावणारी बाई. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. रोज संध्याकाळी ती पेटी वाजवायची, आणि तिच्या ओव्हनमधल्या खसखशीच्या कोलाचेंचा, म्हणजे गोड पावांचा, वास सुटला की लोवेलला आपल्याला घसा, हात आणि पाय आहेत याची एकदम लाज वाटू लागायची. धीर करून तो रोज एकदा तिच्या टेबलापाशी जायचा.

“आज हवा बरी आहे,” तो म्हणायचा.

“बरी आहे,” ती म्हणायची.

मग तो परत यायचा आणि रात्रभर त्या संभाषणावर खूश असायचा.

आर्विडचा पहिला संशय शेजारच्या आयोवा राज्यातून आलेल्या एका गृहस्थावर गेला. तो आयोवाचा आहे एवढाच पुरावा आर्विडला अर्धा खटला जिंकल्यासारखा वाटत होता. त्यातून तो माणूस मासेमारी करायचा, आणि त्याच्याजवळ गांडुळांनी भरलेली बादली होती.

“ही गांडुळं तुम्ही आमच्या कॅम्परखालून उकरलीत!” आर्विड गरजला. “रोज ओंजळ-ओंजळ माती काढून तुम्ही आमचा पाया पोखरताय!”

“उद्यानाच्या दुकानातली आहेत,” तो म्हणाला. “झाकणावर चिठ्ठी आहे बघा. हवी असली तर घ्या चार.”

आर्विडने चार घेतली. पुरावा म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवली. ती मार्लिसला लोण्याशेजारी सापडली आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

दुसरा सिद्धान्त जमिनीखालच्या उंदरांचा होता. कॅम्परखाली त्यांनी राजधानी वसवली असून कारस्थान तिथे शिजतंय, असं ठरवून आर्विड कॉफीचं नरसाळं जमिनीला आणि कान नरसाळ्याला लावून पालथा पडला. उद्यानाची रखवालदार पोरगी, कियर्स्टी, गाडीतून चालली होती. ती थांबली.

“आजोबा, बरं वाटत नाहीये का?”

“शू! खालून आवाज येतोय. गुरगुरण्याचा.”

कियर्स्टीने लोवेलकडे पाहिलं.

“सकाळपासून उपाशी आहेत,” लोवेल म्हणाला. “पोटावर झोपलेत ना, त्यामुळे तो आवाज.”

तिसरा सिद्धान्त मात्र लोवेलच्या मुळावर आला. दुपारी आर्विड सरपणाच्या ढिगामागे दबा धरून बसला होता. बर्नाडीन आली. इकडेतिकडे पाहत कॅम्परच्या तळ्याकडच्या बाजूला गेली आणि चाकापाशी वाकली. तिच्या हातात लाकडी ठोकळा होता.

“पकडली!” आर्विड ढिगावरून उडी मारायला गेला. उडी ढिगाने मारली, तो तिथेच राहिला. तरी सरपणातून हात वर काढून त्याने तिच्याकडे बोट रोखलंच.

आरडाओरडा ऐकून कियर्स्टी आली. सगळे लाकडी टेबलाभोवती बसले. आर्विड उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला समोरून न पळणारा आरोपी मिळाला होता.

“बाईंच्या टेबलावरून तळं दिसत नाही. मध्ये काय आहे? आमचा कॅम्पर! पण कॅम्पर जसजसा खाली बसतो, तसतसा बाईंना सूर्यास्त जास्त दिसतो. रोज चाकाखालचा एक-एक ठोकळा काढायचा आणि रोज बोटभर सूर्य चोरायचा!”

“सूर्यास्त बघायला मी तुमचं घर जमिनीत गाडतेय?” बर्नाडीनने विचारलं.

“टप्प्याटप्प्याने.”

“अहो, खुर्ची चार पावलं उचलून ठेवली तरी दिसतो की.”

“बघा! पर्यायी योजनासुद्धा तयार होती!”

बर्नाडीनने ठोकळा टेबलावर आपटला. “हा माझा आहे. तुमचा डबा कलताना दिसला. माझ्याकडे जास्तीचा होता, म्हटलं चाकाशी ठेवावा आणि सांगावं...” तिने लोवेलकडे पाहिलं. “यांना सांगावं म्हटलं. पण हे माझ्याशी हवेखेरीज कशावर बोलतच नाहीत. आणि आता मी चोर! छान झालं. मी निघते.”

“फरार होण्याचा प्रयत्न,” आर्विड कियर्स्टीला म्हणाला. “लिहून घे.”

“दाजी, पुरे.”

आवाज इतका बारीक होता की तो कुणाचा हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. लोवेल उठला होता. त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते.

“सहायकाने सुनावणीत बोलायचं नसतं,” आर्विड म्हणाला.

“मी सहायक नाही. मी तुमचा मेहुणा आहे. आणि यांनी आपल्या कॅम्परला हातसुद्धा लावलेला नाही. मला पक्कं माहीत आहे.”

“कसं काय?”

“कारण...” लोवेलने खोचलेला शर्ट पुन्हा खोचला. “कारण इथे आल्यापासून मी दिवसभर त्यांच्याकडेच बघत असतो.”

तळ्यावर एक लून पक्षी मोठ्यांदा हसला. लोवेलला वाटलं, जमिनीखाली उंदरांची राजधानी खरंच असती तर बरं झालं असतं. तिथे जाऊन एखादी खोली भाड्याने घेतली असती.

बर्नाडीन काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात मार्लिस साबणाच्या पाण्याचं घमेलं घेऊन मधून आली. तिला खटल्यात रस नव्हता. तिला ऊन होतं तोवर धुणं उरकायचं होतं.

“सरका जरा. चाकांची झबली मळलीत, तीही टाकते यातच.” ती वाकली, तळ्याकडच्या चाकाचं झबलं तिने ओढून काढलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अगं बाई! हे तर पार बसलंय.”

चाक पोळीसारखं चपटं झालं होतं. कियर्स्टीने खाली बसून बोट लावलं. रबरात एक खिळा रुतला होता. साधा, गंजका, कुणाच्याही घरात सापडेल असा.

“हवा जातेय,” ती म्हणाली. “हळूहळू.”

आर्विडने भिंगातून खिळा पाहिला. मग चाक पाहिलं. मग भिंगच पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. पण हार मानेल तो आर्विड कसला. त्याने घसा खाकरला.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो, कुणीतरी आतलं बाहेर जातंय. आपल्याला हवा असलेला आरोपी म्हणजे हवाच. आणि ती फरार आहे.”

“अहो,” मार्लिस म्हणाली, “आरोपी सापडेपर्यंत हे घमेलं धरा.”

बर्नाडीन मात्र हसली नव्हती. ती आपल्या जागी जाऊन खुर्च्या मिटत होती, पेटी खोक्यात भरत होती. लोवेल तिच्यामागून गेला. टेबलापाशी उभा राहिला. त्याच्या जिभेवर सवयीने हवा आली होती. ती त्याने गिळली.

“जाऊ नका,” तो म्हणाला.

“चोर म्हणाले ते मला. तेही बाहेरच्या पोरीसमोर.”

“मागच्या उन्हाळ्यात मलाही म्हणाले होते. बटाट्याच्या सॅलडचं प्रकरण होतं. पातेलंच्या पातेलं गायब झालं होतं.”

“मग?”

“ते मीच खाल्लं होतं,” लोवेल म्हणाला. “दाजींचा आजवर बरोबर ठरलेला तो एकच अंदाज.”

बर्नाडीनने ओठ घट्ट मिटून पाहिले. उपयोग झाला नाही. ती इतकी हसली की हातातली खुर्ची पुन्हा उघडली. मग डोळे पुसत तिने आपल्या गाडीच्या मागून जॅक आणि पाना काढला.

“चला. तुमच्या त्या गंजक्या जॅकवर माझा भरवसा नाही.”

दोघांनी मिळून चाक बदललं. ती नट सैल करी, तो झेली. कामाच्या ओघात तो डेअरीबद्दल बोलला, गेलेल्या बायकोबद्दल बोलला, एकटं जेवायचा कंटाळा येतो हेही बोलला. तीही बोलली. हवेचं नाव कुणी काढलं नाही. आर्विडने तोवर जेवून घेतलं, अपमान झालेल्या माणसाला शोभेल एवढंच, म्हणजे दोनदा. मग कानात बोळे घालून तो कॅम्परमध्ये आडवा झाला आणि घोरू लागला.

कॅम्पर सरळ उभा राहिला. बर्नाडीनने आपल्या टेबलापाशी जाऊन पाहिलं. समोर कॅम्परची पांढरी भिंत, पुन्हा होती तेवढी उंच.

“गेला माझा बोटभर सूर्य,” ती म्हणाली.

लोवेलने कॅम्परकडे पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं. मग तो कियर्स्टीकडे गेला आणि कुठली जागा रिकामी आहे ते विचारून आला. उद्यानाच्या सामायिक न्हाणीघराच्या मागची होती. तिथे कुणीच जायला मागत नव्हतं.

“ताई,” तो मार्लिसला म्हणाला, “कॅम्पर तिकडे हलवला तर?”

मार्लिसने घोरण्याकडे कान दिला, धुतलेली झबली दोरीवरून काढली आणि म्हणाली, “आत्ता हलव. जागे झाले तर पंचनामा करत बसतील. आणि सावकाश ने रे, रांगत. मी आत बसते, खिडकीतून माझं लक्ष असेल.”

लोवेलने टेकू वर घेतले, पायऱ्या मिटल्या, ट्रक जोडला. बर्नाडीन मागून हाताने दिशा दाखवत राहिली. कॅम्पर पाळण्यासारखा डुलत गेला आणि आतलं घोरणं एका लयीत चालू राहिलं.

संध्याकाळी तळं तांबडं झालं. बर्नाडीनच्या टेबलावर कोलाचेंचं ताट होतं, मार्लिसचं विणकाम होतं, आणि बर्नाडीनच्या शेजारच्या खुर्चीत लोवेल होता. न्हाणीघराच्या मागून दार उघडल्याचा आवाज आला. मग सगळ्या मुक्कामाला ऐकू जाईल अशी आरोळी उठली:

“लोवेल! धाव! तळं चोरीला गेलंय!”

लोवेल सवयीने अर्धा उठला. बर्नाडीनने ताट त्याच्यापुढे सरकवलं.

तो खाली बसला आणि त्याने खसखशीचा एक कोलाचे उचलला.